सिम्युलेशनमध्ये लाल आलंच नव्हतं

हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये मोठ्या व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर, जॉब (घडवायचा तुकडा) घट्ट धरणारा एक वाइस आहे. त्याच्या मागच्या जबड्यावर एक चंद्रकोर उमटलेली आहे. त्रिज्या मोजली तर २५ मिलिमीटर भरते, म्हणजे टूल आवळून धरणाऱ्या ईआर३२ कोलेटचा ५० मिमीचा नट. ती चंद्रकोर माझी आहे.

जॉब अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगचा होता. आत ४२ मिमी खोल पॉकेट, भिंत ८ मिमीची, आणि जॉबची वरची बाजू वाइसच्या जबड्यांना अगदी लेव्हल. प्रोग्रॅम माझा, कॉम्प्युटरवर सिम्युलेशनही मीच तीनदा चालवून पाहिलेलं. एकदाही लाल, म्हणजे टक्कर होणार असा इशारा, आलं नाही. मशीनवर मात्र शेवटच्या पासला नट भिंतीवर बसला, भिंत लोण्यासारखी चेपली आणि नट पुढे पोलादी जबड्याला भिडला. मशीनवर टूल लावणाऱ्या सेटर काकांनी इमर्जन्सी दाबेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. नंतर स्पिंडलमध्ये ३०० मिमीचा मँड्रेल, म्हणजे तपासणीचा सरळ दांडा, लावून डायल फिरवला तर टोकाला तीन शतांश मिमी रनआउट, म्हणजे डगमग. स्पिंडलची बेअरिंग बदलेपर्यंत मशीन उभी. मालक काहीच बोलले नाहीत. दोन शब्द बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

चूक सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. सॉफ्टवेअरमधल्या माझ्या टूल लायब्ररीत १० मिमीची एन्ड मिल, म्हणजे पॉकेट कापणारं टूल, नटाबाहेर ५० मिमी होती. काकांनी लावलेली ३८ होती. मी जरा आवाज चढवूनच विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "बाबू, बहात्तरचं टूल आहे. पन्नास बाहेर काढलं तर आतमधी राह्यते किती? बावीस. कोलेट चाळीसचं. सुटून कोणाच्या डोयात जाईन मंग?" त्यांचं बरोबर होतं. कोलेटच्या लांबीच्या निदान दोन तृतीयांश तरी शँक (टूलचा दांडा) आत हवा. माझे ते ५० म्हणजे लायब्ररीत आयता आलेला आकडा. तो कधी बदलायचा असतो हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. वाइस तर मी सिम्युलेशनमध्ये घेतलाच नव्हता. स्क्रीनवर जॉब हवेत तरंगत होता आणि टूल त्याच्याभोवती मजेत फिरत होतं.

पुढे मे महिन्यात तोच जॉब परत आला. बाहेर ४५ अंश, वर पत्रा, आणि शेडमध्ये कूलर नुसती गरम हवा फेकतोय. या वेळी मी कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी व्हर्नियर आणि हाइट गेज घेऊन दोन दिवस मशीनपाशी बसलो. प्रत्येक होल्डरची गेज लाइनपासून, म्हणजे तो स्पिंडलला बसतो तिथपासून, नटाच्या तोंडापर्यंतची लांबी, नटाचा व्यास, टूल बाहेर किती, सगळं लिहून काढलं. वाइस, पॅरलल (जॉबखालच्या पट्ट्या), स्ट्रॅप क्लॅम्प, क्लॅम्पचा बोल्ट, वर आलेला नट, सगळ्याची मॉडेलं केली. बारीकसारीक गोलाई सोडून दिली. ठोकळा असला तरी चालतो, फक्त तो खऱ्या वस्तूपेक्षा लहान नको. कच्चा मालही मोजला. हॅक्सॉवर कापलेला तुकडा कुठे दोन-तीन मिमी जास्त असतोच, आणि फेस मिलचा पहिला पास तिथेच दणका देतो.

मग सिम्युलेशन लावलं आणि पॉकेटच्या तळाशी टाइमलाइन लालभडक झाली. ४२ खोल जायचंय आणि बाहेर ३८ आहे, म्हणजे नट ४ मिमी भिंतीत. तो लाल पट्टा पाहून मला चक्क आनंद झाला. हाच पट्टा आधी दिसला असता तर चंद्रकोर झाली नसती.

उपाय म्हणून १०० मिमी लांबीची एन्ड मिल आणली, ४६ बाहेर ठेवली आणि नटाखाली ४ मिमी मोकळे मिळाले. हे फुकटात मिळत नाही. टूलचं वाकणं बाहेरच्या लांबीच्या घनाने वाढतं. ३८ चे ४६ केले की तेवढ्याच जोराला टूल जवळपास पावणेदोन पट वाकतं. म्हणून पास हलके केले आणि भिंतीला शेवटचा फिनिश पास वेगळा ठेवला. वेळ वाढला. मालकांनी विचारलं तेव्हा मी त्यांना वाइसपाशी नेलं. सॉफ्टवेअरमध्ये 'जवळून गेलं तरी सांग' अशी सोय असते, ती २ मिमीवर ठेवली. माणसाने लावलेलं टूल एखादा मिमी इकडेतिकडे होणारच.

पॉकेट नीट निघालं. खरी गंमत पुढच्या सेटअपला झाली.

जॉब उलटा करून प्लेटवर क्लॅम्पने बांधायचा आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांत डॉवेलसाठी, म्हणजे जागा पक्की करणाऱ्या पिनांसाठी, दोन होल मारायचे. एकापासून दुसरं एक्समध्ये १६० आणि वायमध्ये ७० मिमी. मधे मागच्या कडेवर एक क्लॅम्प, जॉबच्या वर ३२ मिमी आलेला. ड्रिल ७.८ चं. पोस्टमधून, म्हणजे टूलपाथचा मशीनच्या भाषेत कोड करणाऱ्या प्रोग्रॅममधून, ड्रिलिंगची सायकल जी९९ ने आली होती, म्हणजे एक होल झालं की ड्रिल जॉबच्या वर जेमतेम २ मिमी उचलायचं आणि तसंच पुढे जायचं. क्लॅम्प मॉडेलमध्ये होता, सिम्युलेशन हिरवं होतं, आणि ड्रिल क्लॅम्पपासून सात मिमीहून जास्त अंतराने जात होतं. मी निश्चिंत होतो.

काका निश्चिंत नव्हते. त्यांनी एक्स्टर्नल ऑफसेटला झेड १०० मिमी वर घेतला, म्हणजे सगळी चाल तेवढी उंच, रॅपिड (न कापता धावायचा वेग) २५ टक्क्यांवर ठेवला आणि हवेत ड्राय रन लावला. पहिलं होल झालं. दुसऱ्याकडे निघालेलं ड्रिल आधी तिरपं धावलं, मग वळून सरळ गेलं. थेट क्लॅम्पच्या डोक्यावरून.

"हे असं तिरपं काऊन गेलं बे?" काका म्हणाले. माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्क्रीनवर तर सरळ रेघ होती.

मॅन्युअल काढलं. आमच्या मशीनच्या फानुक कंट्रोलवर जी०० (रॅपिड चालीचा कोड) म्हणजे दोन बिंदूंमधली सरळ रेषा असतेच असं नाही. प्रत्येक अक्ष आपापल्या पूर्ण वेगाने सुटतो आणि ज्याचं अंतर कमी तो आधी पोचून थांबतो. इथे दोन्ही अक्षांचा रॅपिड सारखा होता. म्हणून आधी ७०-७० चा तिरपा तुकडा आणि मग उरलेले ९० एक्समध्ये. माझा क्लॅम्प नेमका त्या नव्वदच्या वाटेवर. सिम्युलेशन मी कॅममधल्या, म्हणजे प्रोग्रॅम बनवायच्या सॉफ्टवेअरमधल्या, टूलपाथवर चालवलं होतं. पोस्ट होऊन बाहेर पडलेला जी-कोड आणि आमच्या मशीनची चाल या दोन्हींशी त्याचा काही संबंधच नव्हता.

१४०१ नंबरच्या पॅरामीटरमधला एक बिट बदलला की जी०० सरळ जातो. तो बदलायचा मोह झाला होता. पण त्या मशीनवर जुने ढीगभर प्रोग्रॅम चालतात, त्यातल्या कशात काय दडलंय कोण जाणे. म्हणून पॅरामीटर सोडला आणि सायकल जी९८ केली, म्हणजे दर होलानंतर ड्रिल सुरुवातीच्या उंचीपर्यंत वर येतं. ती उंची क्लॅम्पच्या वर ५० ठेवली. होलामागे एखादा सेकंद गेला असेल. सिम्युलेशनमध्येही मशीनची सेटिंग बदलून रॅपिड तसाच मोडका केला आणि आता थेट जी-कोडच आत घातला. मुद्दाम जी९९ ठेवून एकदा पाहिलं. क्लॅम्पवर लाल.

बॅच सुरू झाली. रात्रपाळीला काका होते. मी लोकमान्य नगरहून मेट्रोने घरी पोचलो होतो, गच्चीवर गादी टाकून आडवा झालो होतो. साडेअकराला फोन.

"बाबू, एन्ड मिल गेली. दुसरी लावली, पण पंचेचाळीसच बाहेर आली. चालते का?"

लॅपटॉप उघडून ४६ चे ४५ केले आणि सिम्युलेशन पुन्हा चालवलं. नटाखाली तीन मिमी. लाल नाही.

"चालते, काका. शीटवर पंचेचाळीस लिहून ठेवा."

"लिवलं कवाचंच," म्हणाले आणि फोन ठेवला.