तुम्ही विचारलंत म्हणून: कॉइलमधला करंट मागे का पडतो

कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं मोटर रिवाइंडिंगचं दुकान असो की आयटीआयच्या तोंडी परीक्षेची आदली संध्याकाळ, हा प्रश्न ठरलेला असतो. "एसीवर कॉइलमधला करंट व्होल्टेजच्या मागे का पडतो?" विचारणाऱ्याला उत्तर बहुतेकदा पाठ असतं. सी-आय-व्ही-आय-एल, म्हणजे 'सिव्हिल': कपॅसिटरमध्ये करंट आधी, कॉइलमध्ये व्होल्टेज आधी. मार्कांपुरतं ते ठीक आहे. पण 'का' म्हटलं की दोनच उत्तरं येतात. एक, कॉइलची तार लांब असते, करंटला फिरून यायला वेळ लागतो. दोन, कॉइल विरोध करते म्हणून करंट अडखळतो. पहिलं साफ चूक आहे. दुसरं अर्धं बरोबर आहे आणि तेच जास्त घोळ घालतं, कारण विरोध तर रेझिस्टन्सही करतो. तिथं करंट क्षणभरही मागे पडत नाही.

रेझिस्टन्सवर लावलेलं व्होल्टेज करंट किती वाहील ते ठरवतं. कॉइलवर लावलेलं व्होल्टेज करंट किती वेगानं बदलेल एवढंच ठरवतं. आत्ता तो किती आहे हे त्याच्या हातात नसतं. १ हेन्रीच्या कॉइलवर १ व्होल्ट लावला की करंट दर सेकंदाला १ अँपिअरनं वाढतो. हेन्री या मापाचा अर्थच तो. बाकी सगळं यातून निघतं, पण आकडे घालून बघितल्याशिवाय ते पटत नाही.

घरचा सप्लाय २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. म्हणजे लाटेचा कळस ३२५ व्होल्ट (२३० च्या १.४१ पट), पूर्ण फेरा २० मिलिसेकंद, पाव फेरा ५. रेझिस्टन्स अजिबात नसलेली १ हेन्रीची कॉइल धरा आणि सप्लाय लावून बराच वेळ झालाय असं समजा. व्होल्टेज शून्यातून वर निघतं त्या क्षणी करंट उणे १.०३५ अँपिअर (म्हणजे उलट दिशेनं) असतो. १ मिलिसेकंदानं उणे ०.९८, दोननं उणे ०.८४, तीननं उणे ०.६१, चारनं उणे ०.३२ आणि पाचव्याला शून्य. पहिल्या मिलिसेकंदात करंट जेमतेम ०.०५ नं सरकला, कारण व्होल्टेज तेव्हा नुकतं उठत होतं. पाचव्यात ०.३२ नं सरकला, कारण व्होल्टेज कळसाजवळ पोचलं होतं. म्हणजे व्होल्टेज सगळ्यात मोठं असताना करंट शून्यावर आहे, पण सगळ्यात जोरात धावतोय. पुढं व्होल्टेज उतरायला लागतं. उतरत असलं तरी ते अजून शून्याच्या वरच आहे, म्हणून करंट वाढतच राहतो, फक्त हळूहळू. दहाव्या मिलिसेकंदाला व्होल्टेज शून्यावर येतं आणि नेमका तेव्हा करंट अधिक १.०३५ ला पोचतो. दोन कळसांमध्ये ५ मिलिसेकंदांचं अंतर पडलं. पूर्ण फेरा ३६० अंशांचा धरला की त्यालाच आपण ९० अंश म्हणतो.

कोल्हापुरात हे समजवायला पंचगंगेसारखं दुसरं उदाहरण नाही. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी अख्खं शहर तासातासाला बघत असतं: इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट. पाऊस ओसरला, आवक घटायला लागली, तरी पातळी चढतच असते आणि नवखा माणूस गोंधळतो. साधी गोष्ट आहे. येणारं पाणी जाणाऱ्यापेक्षा जास्त आहे तोवर पातळी चढणार, आणि आवक-जावक समान होईल तेव्हा ती कळसाला टेकणार. आवक वजा जावक म्हणजे व्होल्टेज, आणि पातळी म्हणजे करंट.

याच नदीत दुसरा एक उशीरही आहे. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की ते पाणी भोगावती नदीतून इथवर यायला काही तास जातात. हा प्रवासाचा उशीर. 'तार लांब असते' म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हाच असतो, आणि कॉइलमधला उशीर या जातीचा मुळीच नाही. ५ मिलिसेकंदांत प्रकाश १,५०० किलोमीटर जातो. ट्यूबलाइटच्या चोकमध्ये, म्हणजे तिच्या कॉइलमध्ये, काही शे मीटर तार असेल, तेवढ्याला मायक्रोसेकंदांचाच हिशोब. शिवाय लांबीच कारण असती तर मोठी कॉइल जास्त मागे पडली असती. तसं होत नाही. शुद्ध कॉइल १ हेन्रीची असो की १० ची, करंट ५ मिलिसेकंदच मागे. दहा हेन्रीत तो फक्त दहावा हिस्सा वाहतो. सप्लाय ६० हर्ट्झचा असेल तर तीच कॉइल ४.१७ मिलिसेकंद मागे पडेल. हा उशीर कॉइलचा नाही, सप्लायच्या फेऱ्याचा आहे.

आता 'विरोधा'चं बघू. चांगले विद्यार्थी इथं पकडतात: "कॉइलमध्ये उलटं व्होल्टेज तयार होतं आणि ते लावलेल्या व्होल्टेजइतकंच असतं असं पुस्तकात आहे. मग दोन्ही कटले की करंट वाहतोच कसा?" प्रश्न योग्य आहे, चूक एका गृहीतकात आहे. रेझिस्टन्स नसलेल्या तारेत वाहता करंट वाहत राहायला व्होल्टेज लागतच नाही. व्होल्टेज लागतं ते करंट बदलायला. उलटं व्होल्टेज करंट आहे म्हणून जन्माला येत नाही. करंट बदलतोय, त्याबरोबर चुंबकीय क्षेत्र बदलतंय, म्हणून येतं. करंट बदलायचा थांबला तर तेही संपेल आणि लावलेल्या व्होल्टेजला अडवायला कुणी उरणार नाही. त्यामुळं करंटला दर क्षणी नेमक्या त्याच वेगानं बदलावं लागतं, ज्यानं उलटं व्होल्टेज लावलेल्याइतकं भरेल. फॅराडेनं १८३१ मध्ये दाखवलं ते हेच, आणि उलट्या दिशेचा नियम लेन्झनं १८३४ मध्ये सांगितला. कॉइलचा विरोध करंटला नसतो, बदलाला असतो.

यानंतरचा प्रश्न फार कमी जण विचारतात, पण कारखान्यात पैसे तोच वाचवतो. बटण दाबलं त्या पहिल्या क्षणी काय होतं? करंट तर शून्यावर आहे, उणे १.०३५ वरून सुरुवात करायला तो आधीपासून तिथं नव्हता. व्होल्टेज नेमकं शून्यातून वर जाताना स्विच लागला, तर पहिल्या १० मिलिसेकंदांत करंटला तेवढीच चढण चढायची असते, २.०७ अँपिअर, पण सुरुवात शून्यापासून. म्हणून तो २.०७ लाच पोचतो, नेहमीच्या कळसाच्या दुप्पट, आणि पुढच्या अर्ध्या फेऱ्यात परत शून्यावर येतो. खाली जातच नाही. रेझिस्टन्स खरंच शून्य असता तर हे असंच चाललं असतं. प्रत्यक्षात करंट एकाच दिशेला असेपर्यंत रेझिस्टन्स प्रत्येक फेऱ्यात थोडा वाटा खातो, आणि लाट घसरत घसरत शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखी बसते. ट्यूबच्या चोकला याला सात-आठ फेरे लागतात. आणि स्विच व्होल्टेजच्या कळसावर लागला तर हा धक्का बसतच नाही, कारण त्या क्षणी करंट तसाही शून्यावरच असायला हवा असतो.

वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर चालू करताना एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) कधी पडतो, कधी पडत नाही, त्याचं कारण हे. लोड जोडलेला नसताना ट्रान्सफॉर्मर म्हणजे एक कॉइलच. करंट दुप्पट मागितला म्हणजे लोखंडी गाभ्यातला फ्लक्सही (चुंबकीय प्रवाहही) दुप्पट मागितला. गाभा साधारण दीड टेस्लावर चालवलेला असतो आणि दोनच्या आसपास तो भरून जातो. भरला की इंडक्टन्स (कॉइलचे हेन्री) कोसळतो आणि करंट रेटिंगच्या आठ-दहा पटींवर उसळतो. मागच्या वेळचा उरलेला फ्लक्स त्याच दिशेचा निघाला तर आणखी वाईट. हात कुठल्या क्षणी पडला हे नशीब. म्हणून तक्रार 'कधी कधी'ची असते आणि वायरमनला दोष सापडत नाही. बी कर्व्हचा एमसीबी रेटिंगच्या तिप्पट ते पाचपटीत तात्काळ पडतो, सीचा पाच ते दहापटीत, डीचा दहा ते वीसपटीत. ट्रान्सफॉर्मरला सी किंवा डी लावा. तेवढ्यासाठी एमसीबीचे अँपिअर वाढवू नका. केबलचं संरक्षण जातं.

हे सगळं बाकावर बघता येतं. जुन्या ४० वॅटच्या ट्यूबचा तांब्याचा चोक भंगारात मिळतो. त्याचा इंडक्टन्स सव्वा हेन्रीच्या आसपास, तारेचा रेझिस्टन्स ३०-४० ओहम. २३० वर थेट हा खेळ करायचा नाही, कारण स्कोपची (लाट पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपची) काळी क्लिप अर्थला जोडलेली असते. १२ व्होल्टचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या, चोकच्या सिरीजमध्ये १० ओहमचा रेझिस्टर लावा. पहिला प्रोब पूर्ण जोडणीवर, दुसरा फक्त रेझिस्टरवर, आणि दोन्ही काळ्या क्लिपा रेझिस्टरच्या सप्लायकडच्या एकाच टोकाला. त्या आतून एकच असतात. वेगवेगळ्या जागी लावल्या तर मधला भाग शॉर्ट होतो आणि स्कोपवर भलतंच काहीतरी दिसतं. अंतर ४ ते साडेचार मिलिसेकंद येईल. पूर्ण ५ येत नाही, कारण तारेला रेझिस्टन्स आहे आणि लोखंडही थोडी ऊर्जा खातं. स्कोप नसेल तर १० च्या जागी ३९० ओहमचा रेझिस्टर लावून मल्टिमीटरनं एसी व्होल्ट मोजा. सप्लाय १२ असेल तर रेझिस्टरवर सुमारे ८ आणि चोकवर सुमारे ८ दिसतील. आठ आणि आठ मिळून बारा! मीटर बिघडलेला नाही. दोघांचे कळस एका वेळी येत नाहीत, एवढंच.

कॉन्टॅक्टरची (कॉइलच्या चुंबकानं ओढला जाणाऱ्या स्विचची) कॉइल का जळते तेही जाता जाता सांगून टाकतो. आर्मेचर (ओढला जाणारा लोखंडी भाग) उघडं असताना हवेच्या फटीमुळं इंडक्टन्स कमी, म्हणून करंट जास्त. छोटा कॉन्टॅक्टर ओढताना साधारण ७० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) घेतो आणि बसला की ७-८. फाउंड्रीतली वाळू फटीत अडकून आर्मेचर पूर्ण बसलं नाही, की कॉइल गरजेपेक्षा जास्त करंट पीत राहते, गुरगुरते आणि जळते. नवी कॉइल घालण्याआधी फट पुसा.

खऱ्या मोटरीत करंटचा एक वाटा काम करतो आणि दुसरा फक्त चुंबकत्व भरतो-काढतो. त्यामुळं कोन ९० चा राहत नाही. पॉवर फॅक्टर (करंटमधला काम करणारा हिस्सा) ०.८ म्हणजे ३७ अंश, म्हणजे सुमारे २ मिलिसेकंद मागे. मागे पडलेला वाटा ५ मिलिसेकंद ऊर्जा घेतो आणि पुढच्या ५ मध्ये परत देतो. वॅट मोजले जात नाहीत, पण वायर त्यानंही तापते, आणि महावितरण उच्चदाब उद्योगांचं बिल २०२० पासून केव्हीएएचवर (किलोवॅटऐवजी व्होल्ट गुणिले अँपिअरच्या हिशोबानं) करतं, म्हणजे शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत त्याचे पैसे लागतात.

उसाच्या पंपाची ५ एचपीची थ्री-फेज मोटर घ्या. पूर्ण लोडवर ती सप्लायमधून सुमारे ४.३५ किलोवॅट आणि ०.८ पॉवर फॅक्टरनं ७.६ अँपिअर घेते. तिला २ केव्हीएआरचा (फक्त ये-जा करणाऱ्या वाट्याचं हे माप) कपॅसिटर जोडतात. त्याच्यावर ४४० व्होल्टचा शिक्का असेल तर ४१५ वर तो १.८ च देतो. तेवढ्यानं पॉवर फॅक्टर ०.९५ ला येतो आणि लाइनचा करंट ६.४ ला. जास्त मोठा लावू नये. मोटर बंद केल्यावर ती फिरत असताना कपॅसिटर तिला चेतवत राहतो आणि टोकांवर व्होल्टेज चढतं. मोटर बिनलोड असताना जेवढे केव्हीएआर घेते त्याच्या ९० टक्क्यांच्या आत राहा. स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी कमी व्होल्टेजवर सुरू करणारा) असेल तर कपॅसिटर स्टार्टरच्या सप्लायच्या बाजूला, स्वतःच्या कॉन्टॅक्टरवर. काम करताना सप्लाय तोडून तीन-चार मिनिटं थांबा आणि मीटरनं बघूनच हात घाला.

एक चूक मात्र वारंवार होते. कपॅसिटर लावला तरी मोटरीच्या आतला करंट ७.६ च राहतो. मागे पडणारा वाटा आता कपॅसिटर आणि मोटर आपसांत फिरवतात, लाइनमधून येत नाही इतकंच. कपॅसिटर ओव्हरलोड रिले (करंट सेटिंगपेक्षा वाढला की मोटर बंद करणारा) आणि मोटर यांच्या मध्ये जोडला असेल तर रिलेला ६.४ च दिसतात. सेटिंग मात्र नेमप्लेट बघून ७.६ वरच ठेवलेलं असतं. मग मोटर जास्त लोड ओढत तापत राहते आणि रिले गप्प बसतो. एकतर कपॅसिटर रिलेच्या आधी जोडा, नाहीतर सेटिंग ६.४ वर उतरवा.