शीआनच्या नूडल्सवरची फोडणी

चीनमध्ये राहते म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना वाटतं, ही रोज भात खात असणार. शीआनमध्ये तसं नाही. हे शहर शान्शी प्रांतातल्या ग्वानचोंग नावाच्या सपाट, सुपीक पट्ट्यात वसलेलं आहे आणि हा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या गव्हाचा. इथल्या माणसाला भात चालतो, पण जेवल्यासारखं वाटतं ते नूडल्स खाल्ल्यावर. दुपारी बाराच्या सुमारास आमच्या इमारतीचा जिना चढताना जवळजवळ प्रत्येक मजल्यावर तापलेलं तेल, लसूण आणि लाल तिखट यांचा खमंग वास येतो. तो यौपो म्येनचा.

उकडलेल्या रुंद नूडल्स, त्यावर तिखट, लसूण आणि कांद्याची पात, आणि सगळ्यांवर धूर येईपर्यंत तापवलेलं तेल. पदार्थ एवढाच. तयार नूडल्स हाताशी असतील तर पंधरा मिनिटांत वाडगा समोर येतो. मराठी स्वयंपाकघरात वाढलेल्या कुणालाही हा पदार्थ लगेच कळेल, कारण कोशिंबिरीवर वरून ओततो तशी ही चरचरीत फोडणीच आहे. तिखट तेलात टाकायचं नाही, तेल तिखटावर ओतायचं. चवीची सगळी मेख इथे आहे.

या भागातल्या नवलाच्या गोष्टी सांगणारी एक जुनी यादी इथे वरचेवर कानावर पडते. तिच्यातलं एक नवल म्हणजे कमरपट्ट्याएवढ्या रुंद नूडल्स, आणि दुसरं म्हणजे तेल ओतलेलं तिखट हीच एक भाजी. यौपो म्येनमध्ये ही दोन्ही नवलं एका वाडग्यात येतात. खरं तर मिरची इथे तशी नवीनच. चिनी लिखाणात तिचा पहिला उल्लेख १५९१ सालच्या एका ग्रंथात सापडतो. शीआनची तटबंदी त्याच्याही दोनशे वर्षं आधीची, चौदाव्या शतकातली. म्हणजे ती तटबंदी बांधणाऱ्यांनी हा पदार्थ या रूपात खाल्लेला नाही, याची मला फार हळहळ वाटते.

आता नूडल्स. इथे बाजारात ताज्या नूडल्स ‘जिन’ नावाच्या, म्हणजे अर्ध्या किलोच्या मापाने मिळतात, त्यामुळे कामाच्या दिवशी पीठ मळायचा प्रश्नच नाही. तुम्ही सुक्या, चपट्या, रुंद नूडल्स घ्या. सुट्टीच्या दिवशी हौस असेल तर ३०० ग्रॅम मैदा, १५० मिली पाणी आणि चिमूटभर मीठ घालून घट्ट पीठ मळा. अर्धा तास झाकून ठेवा, पुन्हा मळा, बोटभर जाड पट्ट्या करून त्यांना तेल चोळा आणि तासभर तरी विसरून जा. मग एकेक पट्टी लाटण्याने चपटी करायची, दोन्ही टोकं धरून ओढायची आणि ओढता ओढता ओट्यावर आपटायची. पीठ नीट मुरलं असेल तर ती हातभर लांब होते आणि तुटत नाही. घाई केली तर मात्र मध्येच फाटते. कणीक वापरू नका. तिच्यातला कोंडा पिठाला ताणू देत नाही.

तिखटाबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण आपल्याकडे लाल रंग दिसला की नाकाडोळ्यांतून पाणी येणार असं आपण धरून चालतो. इथली मिरची लांब, बारीक, सुरकुतलेली, गडद लाल असते. ती बियांसकट जाडसर कुटतात. ती जिभेला भाजत नाही, तिचा वास आधी येतो आणि तिखटपणा मागून. महाराष्ट्रात तीन भाग ब्याडगी आणि एक भाग संकेश्वरी घेऊन, कोरडीच हलकी भाजून, खलबत्त्यात जाडसर कुटा. पाकिटातलं वस्त्रगाळ तिखट इथे कामाचं नाही, गरम तेल पडताक्षणी ते काळं आणि कडू होतं. कांदा-लसूण मसाला घालायचा मोह होईल, तोही आवरा. त्यातले गरम मसाले सगळ्यांवर कुरघोडी करतात.

दुसरी वस्तू म्हणजे ह्वाच्याओ, जिला आपण सेचुआन मिरी म्हणतो. तिची नावातली मिरी सोडली तर मिरीशी काही सोयरीक नाही. तिची सख्खी जात म्हणजे आपली तिरफळं! दोन्ही एकाच कुळातली, दोन्हींची टरफलं वापरायची आणि आतली काळी बी फेकून द्यायची. कोकणात बांगड्याच्या आमटीत जी तिरफळं पडतात, त्यांच्यातलीच चार कोरडी भाजून कुटून टाका. वास हुबेहूब तोच नाही, पण जिभेवरची ती मुंगी आल्यासारखी झिणझिण नक्की येते. हे समजलं त्या दिवशी मला हे शहर एकदम जवळचं वाटायला लागलं.

जोडणी अशी करा. मोठ्या वाडग्यात एक चमचा सोया सॉस, एक चमचा काळं व्हिनेगर आणि किंचित मीठ घाला. काळं व्हिनेगर नसेल तर साधं व्हिनेगर आणि गुळाचा छोटा खडा चालेल. नूडल्स उकडत आल्या की त्याच पाण्यात मूठभर पालक बुडवून काढा. दोन्ही निथळून वाडग्यात घ्या. वर मधोमध ढीग करा: भरलेला एक चमचा तिखट, ठेचलेल्या तीन-चार लसूण पाकळ्या, बारीक चिरलेली पात, थोडे तीळ, चिमूटभर तिरफळाची पूड.

तेल पळीत तापवा. इथे रेपसीडचं, म्हणजे मोहरीच्याच कुळातल्या बियांचं तेल वापरतात आणि त्याचा कच्चा, उग्र वास जाण्यासाठी ते आधी धुरावर न्यावं लागतं. आपलं शेंगदाण्याचं तेल उत्तम चालतं. धूर दिसला की गॅस बंद करून थोडं थांबायचं. शेजारच्या काकू लाकडी चॉपस्टिकचं टोक तेलात बुडवून बघतात. भोवती भराभर बुडबुडे आले की तेल तयार. मग त्या सगळं एकदम ओतत नाहीत. आधी थोडं, तिखट फुलून वर येईपर्यंत. मग लसणीवर आणि पातीवर उरलेलं. आणि तेल चरचरत असतानाच चमचाभर व्हिनेगर वरून सोडतात. क्षणभर सगळं फेसाळतं आणि घरभर असा वास सुटतो की भूक नसलेला माणूसही ताट घेऊन येतो. मिरचीचा रंग आणि तिखटपणा, लसणीचा वास, हे सगळं तेलात उतरतं. म्हणून तेल एवढं महत्त्वाचं. त्यात काटकसर करू नका, माणशी तीन मोठे चमचे तरी हवंच.

वाडगा लगेच तळापासून ढवळा, दोन मिनिटं ठेवलात तरी नूडल्स एकमेकींना चिकटतात. सोबत कच्च्या लसणीची पाकळी चावायची. लसणीवाचून नूडल्स खाल्ल्या तर निम्मा स्वाद गेला, अशी इथे म्हण आहे. आणि नूडल्स उकडलेलं पाणी ओतून देऊ नका. इथे ते वाडग्यात गरम गरम घेऊन जेवणानंतर पितात, कारण ज्या पाण्यात अन्न शिजलं तेच ते पचवतं अशी समजूत आहे. पचनाचं मला सांगता येणार नाही, पण एवढ्या तेलातिखटानंतर ते दाटसर, अळणी पाणी घशाला फार बरं वाटतं.