ड्रोमानाचं गेट

काल आयर्लंडमधल्या कॉर्कहून निघालो, वॉटरफोर्डमधल्या कॅपोक्विनच्या पुढे व्हिलियर्सटाउनच्या रस्त्याला लागलो आणि फिनिस्क नदीच्या पुलावर समोर चक्क कांद्याच्या आकाराचा घुमट! तांब्याचा, पार हिरवा पडलेला, बाजूला बारीक मिनार, मधे टोकदार कमान. आई व्हिडिओ कॉलवर होती, तिला दाखवलं तर म्हणाली, "अगं, हा तर आपल्याकडचा दर्गाच वाटतोय!"

हे ड्रोमाना इस्टेटचं गेट. १८२६ मधे इस्टेटीचा मालक हेन्री व्हिलियर्स-स्टुअर्ट लग्न करून बायकोला घरी आणणार म्हणून स्वागताला म्हणे कागदाच्या लगद्याचं असं तात्पुरतं गेट उभारलं होतं. दोघांना ते इतकं आवडलं की नंतर पक्कं बांधून घेतलं. प्रेरणा ब्रायटनच्या रॉयल पॅव्हेलियन या राजवाड्याची, जॉन नॅशनं बांधलेल्या, म्हणजे आपला घुमट आधी इंग्लंडला आणि तिथून आयर्लंडच्या झाडीत. पण जवळ जाऊन बघा, खिडक्या गॉथिक आहेत, चर्चसारख्या निमुळत्या. घुमट आपला, खिडकी त्यांची, आणि खरंच सांगते कुठे जोड दिसत नाही.

कमानीच्या दोन्ही अंगाला राखणदाराच्या खोल्या, इवल्याशा. एवढ्या थाटामागे कुणीतरी रोज चूल पेटवत असणार, माझा जीव तिथेच अडकला.

पडायला आलं होतं हे, १९६० च्या दशकात जुन्या वास्तू जपणाऱ्या आयरिश जॉर्जियन सोसायटीनं डागडुजी केली म्हणून आज उभं आहे, त्यांचे मनापासून आभार. पाऊस आला तरी मी कमानीखालून हलले नाही, दगडावर हात ठेवून उभी होते, गार आणि शेवाळलेला.