त्या खोलीत तेव्हा कोण होतं?

बुधवारी सकाळी कार्यालय उघडता उघडताच एका बालरोगतज्ज्ञांचा फोन आला. तीन वर्षांचं मूल. ताप, खोकला, लालभडक डोळे आणि कानामागून सुरू होऊन अंगभर उतरलेलं पुरळ. सोमवारी आई त्याला ओपीडीत घेऊन आली, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांना ती औषधाची ॲलर्जी वाटली होती. मंगळवारी रात्री ताप चढला म्हणून ती परत आली, तेव्हा यांनी पाहिलं. "लस झालेली नाही, आणि मला हा गोवर वाटतो," ते म्हणाले. "नमुने पाठवलेत, रिपोर्ट संध्याकाळपर्यंत येईल."

मी स्थानिक आरोग्य विभागाच्या साथरोग कक्षात परिचारिका आहे. गोवराचा नुसता संशय आला तरी आम्हाला कळवायचं असतं, आणि आम्ही रिपोर्टची वाट बघत बसायचं नसतं. फोन ठेवायच्या आतच डोक्यात आकडेमोड सुरू होते. गोवराचा रुग्ण पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून नंतरच्या चार दिवसांपर्यंत रोग पसरवतो. तो उठून गेल्यावरही बंद खोलीतल्या हवेत विषाणू दोन तासांपर्यंत टिकू शकतो. लस न घेतलेली, आधी गोवर न झालेली दहा माणसं त्याच्या जवळ आली तर त्यांतल्या नऊ जणांपर्यंत तो पोहोचू शकतो. संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. ज्यांना लस देता येत नाही, त्यांना सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडीज देता येतात. त्यानंतर फक्त लक्ष ठेवणं उरतं.

मूल सोमवारी सकाळी दहाला ओपीडीत आलं आणि पावणेअकराला गेलं. म्हणजे दुपारी पाऊण वाजेपर्यंत त्या खोलीत पाऊल ठेवलेला प्रत्येक माणूस आम्हाला शोधायचा होता. लसीची मुदत गुरुवारी सकाळी दहापासून संपायला लागणार होती. हातात जेमतेम एक दिवस.

आमच्या आरोग्य अधिकारी मॅडमनी दोन मिनिटांत कामं वाटली. एक जण मुलाच्या घरी, एक जण तो जातो त्या बालवाडीत, मी रुग्णालयात. "रिपोर्ट निगेटिव्ह आला तर बरंच झालं म्हणू," त्या म्हणाल्या. "पण पॉझिटिव्ह आला आणि आपण थांबलेलो असलो, तर गेलेले तास कुठून आणणार?"

रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये फक्त पेशंटची नावं होती. सोबत आलेल्यांची नव्हती, आणि ओपीडीत पेशंटपेक्षा सोबतची माणसंच जास्त असतात. रिसेप्शनवरच्या मुलीनं मात्र कमाल केली. तिनं एका कोऱ्या केसपेपरच्या पाठीवर खुर्च्यांच्या रांगा काढल्या आणि एकेक चौकोन भरायला घेतला. "इथं एक आजी होत्या, मांडीवर नात. ती सारखी रडत होती म्हणून लक्षात राहिली. इथं जुळ्यांची आई. या टोकाला ते काका, जुना रिपोर्ट न्यायला आलेले. त्यांची नोंद कुठंच नसेल, पण त्यांनी माझ्या पेननं पावतीवर सही केली." पावती सापडली. पावतीवर फोन नंबर होता. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. रोग शोधणं म्हणजे प्रयोगशाळेतली यंत्रं, असं ज्यांना वाटतं, त्यांना तो दाखवावासा वाटतो.

निघताना वर छताकडे पाहिलं. एसीची जाळी होती. देखभालीच्या माणसाला विचारलं, ही हवा याच खोलीपुरती आहे का? तो म्हणाला, नाही, पलीकडची सोनोग्राफीची वेटिंग रूमही याच मशीनवर आहे. यादी तिथेच दुप्पट झाली. आणि सोनोग्राफीला थांबलेल्या बऱ्याच बायका गरोदर होत्या.

तोवर बालवाडीतून सहकाऱ्याचा फोन. मूल गुरुवारी शेवटचं आलं होतं, त्याच संध्याकाळी त्याला ताप भरला. पुरळ रविवारी उठलं. म्हणजे गुरुवारी ते रोग पसरवण्याच्या काळातच होतं. तिथल्या बहुतेक मुलांचे दोन्ही डोस झालेले होते. दोन डोस घेतलेल्यांपैकी सुमारे ९७ टक्के लोकांना लस गोवरापासून वाचवते, त्यामुळे त्यांची काळजी नव्हती. काळजी होती तिथल्या मदतनीस ताईंची. त्यांना सहावा महिना होता. लस घेतल्याचा कागद नाही, आणि गरोदरपणात ही लस देता येत नाही. त्यांचे सहा दिवस त्याच दिवशी संपत होते.

अशा वेळी यादीतला क्रम घड्याळ ठरवतं. सर्वांत आधी मदतनीस ताई, त्यांची मुदत आज. मग ओपीडीतली सहा महिन्यांवरची बाळं आणि लस न झालेली मुलंमाणसं, त्यांची मुदत उद्या सकाळी. मग सहा महिन्यांखालची बाळं आणि सोनोग्राफीच्या बायका, त्यांना रविवारपर्यंत वेळ. सोमवारी आपल्याला त्या मुलाशेजारीच बसवलं होतं म्हणून चिडलेले एक गृहस्थ सारखे फोन करत होते. त्यांचे दोन्ही डोस झालेले होते. त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं, पण त्यांची पाळी शेवटी.

मदतनीस ताईंची आई फोनवर ठामपणे म्हणाली, "हिला लहानपणी गोवर येऊन गेलाय. मला पक्कं आठवतंय." एकदा गोवर झालेल्याला तो पुन्हा सहसा होत नाही, हे १८४६ मध्येच नोंदलं गेलं आहे. फॅरो बेटांवर तेव्हा गोवराची मोठी साथ आली. त्याआधीची साथ १७८१ ची. पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरानं घरोघरी फिरून विचारपूस केली आणि त्याला दिसलं की, ६५ वर्षांपूर्वी ज्यांना गोवर झाला होता त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नव्हता. संपर्कापासून पुरळ उठेपर्यंत साधारण दोन आठवडे जातात, हेही त्यानंच मांडलं. त्याच्याकडे होती ती वही आणि विचारलेले प्रश्न. आम्ही आजही तेच करतो. पण आईच्या आठवणीतलं पुरळ गोवराचंच होतं याची खात्री कोण देणार? किती तरी पुरळांना घरात गोवर म्हणतात. म्हणून ताईंचं रक्त तपासायला पाठवलं, आणि इम्युनोग्लोब्युलिनची सोय करून ठेवली.

दुपारभर फोन. यातली पहिली अडचण अशी की, अनोळखी नंबरवरून कुणी जन्मतारीख आणि लसीचे तपशील विचारायला लागलं की शहाणा माणूस फोन ठेवतो. ठेवावाच. मी सुरुवातीलाच सांगत होते, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. आरोग्य विभागाचा जाहीर नंबर तुम्हीच शोधा, तिथं फोन करा आणि माझं नाव सांगून मला मागा." एका बापानं तसंच केलं आणि परत बोलताना म्हणाला, "सॉरी सिस्टर, हल्ली भीती वाटते." त्याची मुलगी आठ महिन्यांची होती. तिला संध्याकाळी लस दिली. इतक्या लहान वयातला हा डोस नेहमीच्या वेळापत्रकात धरत नाहीत, ठरलेले डोस नंतर द्यावेच लागतात. हे त्याला दोनदा सांगितलं आणि कार्डावरही लिहून दिलं.

दुसरा प्रश्न प्रत्येक फोनवर येत होता. "कुणाचं मूल आहे?"

या प्रश्नाचं उत्तर आम्ही देत नाही, आणि माझ्या मते आमच्या सबंध कामाचा पाया या न सांगण्यावर उभा आहे. त्या मुलाचं नाव कळून समोरच्याचं बाळ वाचणार नव्हतं. ठिकाण, तारीख आणि वेळ कळून वाचणार होतं. मुलाच्या आईनं माझ्या सहकाऱ्याला सगळं सांगितलं होतं: कुठे गेलो, कुणाच्या घरी जेवलो, कोणत्या रिक्षानं आलो. लस का राहिली तेही सांगितलं. घरं बदलत राहिली, एकदा मूल आजारी होतं, तारखा मागे पडल्या, आणि मग विचारायला जायची लाज वाटली. हे ती बोलली कारण तिला शब्द दिला होता की तिचं नाव बाहेर जाणार नाही. तो शब्द एकदा मोडला की पुढच्या घरात आम्हाला दारातूनच "काही नाही झालं" असं ऐकायला मिळेल, आणि मग कुठलीच यादी पुरी होणार नाही.

म्हणूनच दुपारी तीनच्या सुमाराला मोबाइलवर फिरायला लागलेला मेसेज पाहून माझं डोकं तापलं. त्यात इमारतीचं नाव होतं. मूल 'बाहेरून आलेल्यांचं' आहे असं होतं, आणि खाली 'लसीमुळेच गोवर पसरतोय' असंही. ज्या मुलाला लस मिळालीच नव्हती, त्याच्या आजाराचं खापर लसीवर.

मॅडमनी त्या मेसेजचं नाव घेऊन खुलासा काढायला नकार दिला. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यापर्यंतही आपणच तो नेऊ, असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी आमची सूचना तासाभरात बाहेर पडली पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. मसुद्यावर आम्ही तिघी बसलो. पहिल्या मसुद्याची सुरुवात 'नागरिकांनी घाबरून जाऊ नये' अशी होती. ते वाक्य मी खोडायला लावलं. घाबरू नका असं वाचलं की माणूस आधी घाबरतो, आणि करायचं काय ते त्याला कळतच नाही. शेवटी सूचना अशी झाली:

'सोमवारी सकाळी १० ते दुपारी १२.४५ या वेळेत तुम्ही या रुग्णालयाच्या बालरुग्ण ओपीडीत किंवा सोनोग्राफी विभागात होता का? तिथे गोवराचा संशयित रुग्ण येऊन गेला आहे. तपासणीचा अहवाल अजून यायचा आहे. तुम्ही गरोदर असाल, सोबत एक वर्षाखालचं बाळ असेल किंवा कुणाची लस झाली नसेल, तर आजच या नंबरवर फोन करा. ताप किंवा पुरळ असेल तर थेट दवाखान्यात येऊ नका. आधी फोन करा, आम्ही तुम्हाला वेगळ्या दारानं आत घेऊ.'

शेवटच्या दोन वाक्यांवर सर्वांत जास्त चर्चा झाली. आजारी माणसाला दवाखान्यात येऊ नको म्हणायचं, हे ऐकायला निर्दय वाटतं. पण गोवराचा रुग्ण दुसऱ्या वेटिंग रूममध्ये जाऊन बसला की आमची यादी पहिल्यापासून सुरू. म्हणून 'येऊ नका'च्या पाठोपाठ 'आम्ही आत घेऊ' हवंच होतं, त्याच ओळीत. अहवाल अजून आलेला नाही हेही मुद्दाम ठेवलं. निष्कर्ष बदलला तर लोकांना फसवल्यासारखं वाटू नये.

सूचना शाळांना, औषधांच्या दुकानांना आणि डॉक्टरांच्या ग्रुपवर गेली. जे वाचू शकत नाहीत त्यांच्यासाठी आमच्या एका कार्यकर्तीनं तीच आपल्या आवाजात रेकॉर्ड केली. वस्तीत तिला सगळे ओळखतात. ती रेकॉर्डिंग छापील सूचनेपेक्षा लांब गेली. फोन करणाऱ्या कितीजणी "त्या ताईंचा आवाज ऐकला" असं म्हणाल्या.

सहाच्या पुढे रिपोर्ट आला. गोवरच. मुलाला अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस रुग्णालयानं दिलाच होता, दुसरा दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. त्यानं आजाराची गुंतागुंत कमी होते, डोळ्यांना विशेषतः जपलं जातं. त्यानंतर थोड्याच वेळात प्रयोगशाळेतून मदतनीस ताईंचा निकाल आला. अँटीबॉडीज भरपूर होत्या. आईची आठवण खरी निघाली. मी फोन केला तेव्हा ताई आधी काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, "थांबा, आईलाच सांगा तुम्ही," आणि फोन तिच्या हातात दिला.

रिपोर्ट न्यायला आलेले काका रात्री सापडले. ते स्वतः सुरक्षित होते, पण घरी चार महिन्यांचा नातू होता. काका आजारी पडले नाहीत तर त्याला धोका नव्हता, हे त्यांना समजावून दिलं. मांडीवरची रडणारी नात मात्र पाच महिन्यांची. तिला लस देता येत नव्हती, तिला गुरुवारी इम्युनोग्लोब्युलिन दिलं. सोनोग्राफीच्या बायकांचे नमुने गुरुवार-शुक्रवारी झाले. त्यांच्यातल्या एकीला अँटीबॉडीज नव्हत्या. तिला दाखल करून शिरेतून औषध दिलं. यादीतली दोन नावं आम्हाला शेवटपर्यंत सापडली नाहीत.

पुढचे दिवस लक्ष ठेवण्याचे. संपर्कातल्यांवर २१ दिवस, इम्युनोग्लोब्युलिन दिलेल्यांवर २८, कारण त्यानं आजार उशिरा दिसू शकतो. रोज फोन, ताप आहे का, पुरळ आहे का. मुलाच्या मोठ्या बहिणीला गोवर झाला. तिची लसही राहिलेली होती, आणि आम्हाला कळलं तेव्हा तिची मुदत टळून गेली होती. पण ती आधीच घरात वेगळी होती, तिच्यापासून पुढे कुणाला लागण झाली नाही. शेवटच्या रुग्णापासून ४२ दिवस, म्हणजे रोग अंगात मुरण्याच्या जास्तीत जास्त काळाची दुप्पट, नवा रुग्ण आला नाही, तेव्हा मॅडमनी फाइल बंद केली.

त्या रुग्णालयाच्या ओपीडी रजिस्टरमध्ये आता 'सोबत आलेले' असा रकाना आहे. रिसेप्शनवरच्या त्या मुलीनंच तो सुचवला. दाराबाहेर, आत शिरायच्या आधी दिसेल असा फलक लागलाय: ताप आणि पुरळ असेल तर इथूनच या नंबरवर फोन करा. इतर दवाखान्यांनीही हे दोन्ही करावं म्हणून आमचं पत्र गेलंय. काहींनी केलं, बाकीच्यांना मी फोन करते आहे.