नुसता इको पुरत नाही

आज ताईबरोबर भाचीच्या फॉलोअपला गेले होते. तिच्या हृदयात रक्त ढकलणारा एकच कप्पा. फोंटान शस्त्रक्रिया झाली आहे. १९७१ साली फ्रान्सच्या डॉ. फ्रान्सिस फोंटान यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली, म्हणून अशी मुलं आज मोठी होतायत. पण शरीरातलं अशुद्ध रक्त आता पंपाशिवायच फुफ्फुसात जातं. शिरांमधला दाब कायम चढा, ताण यकृतावर आणि आतड्यांवरही.

डॉक्टरांनी आधी तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरला, खळगा राहतो का, म्हणजे सूज आहे का, ते पाहिलं. मग पोट चाचपलं. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग चांगलं दिसत असूनही हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाचं काम शरीराला पुरं न पडणं, असू शकतं, हे त्यांनी शांतपणे समजावलं. ताईचा हात माझ्या हातात गार पडला होता.

अशा मुलांच्या आईबाबांनो, ‘जरा दमते’ म्हणून सोडून देऊ नका. फ्रॉक पोटावर अचानक घट्ट झाला, तरी डॉक्टरांना सांगा.