एक बाथ खरा कितीला पडला? बँकॉकसाठी पैसे बदलण्याचा माझा अनुभव

थायलंडला पैसे कसे न्यायचे असं कुणाला विचारलं की 'फॉरेक्स कार्ड (परकीय चलन आधीच भरून ठेवायचं कार्ड) घेऊन टाक' हे उत्तर तयार असतं. मी मात्र आधी एक भागाकार करतो: खात्यातून गेलेले एकूण रुपये भागिले हातात पडलेले बाथ, म्हणजे थायलंडचं चलन. 'झिरो कमिशन'ची पाटी लावणारा आपला नफा दरात घालून घेतो, आणि तो या भागाकारात लगेच दिसतो.

उदाहरणापुरते सोपे दर धरू. बाजारात डॉलर 90 रुपये आणि एका डॉलरचे 32 बाथ, म्हणजे बाथ 2.81 रुपयांचा. पुढचं सगळं या 2.81 शी ताडून बघायचं. निघण्याच्या आठवड्यात त्या दिवशीचे आकडे टाकून हिशोब पुन्हा करावा.

सर्वात महाग पर्याय म्हणजे विमानतळावर ऐन वेळी रुपये देऊन थेट बाथ घेणं. तिथे बाथ 3.05 ने मिळाला तर आठ टक्क्यांहून जास्त रक्कम तिथेच गेली. शहरातही थेट बाथ फारसे परवडत नाहीत. डॉलरइतकी उलाढाल नसलेल्या नोटा मनी चेंजरला साठवून ठेवाव्या लागतात, म्हणून तो खरेदी-विक्रीच्या दरात मोठी फट ठेवतो.

म्हणून रोखीसाठी मी डॉलर घेतो आणि ते बँकॉकमध्ये बदलतो. दोनदा बदलूनही हे स्वस्त पडतं. मुंबईत फोर्टला किंवा पुण्यात कॅम्पात तीन-चार परवानाधारक मनी चेंजरना फोन करायचा आणि नेमकं विचारायचं, "पाचशे डॉलरच्या नोटा हव्यात, जीएसटी धरून एकूण किती रुपये?" नुसता दर विचारला की वरचे चार्जेस बिलात उगवतात. जीएसटी स्वतः किरकोळ आहे. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेच्या एक टक्क्यावर 18 टक्के, म्हणजे 0.18 टक्का, किमान 45 रुपये. दर 91 मिळाला तर 500 डॉलरला 45,500 अधिक 82, म्हणजे 45,582 रुपये. बँकॉकमध्ये 31.85 चा भाव मिळाला तर 15,925 बाथ हाती येतात. बाथ पडला 2.86 ला, तोटा पावणेदोन टक्के.

पासपोर्ट, पॅन आणि तिकीट लागतं. 50,000 रुपयांच्या वर रोख देता येत नाही, खात्यातूनच पैसे वळवावे लागतात. एका प्रवासाला थायलंडसारख्या देशासाठी 3,000 डॉलरपर्यंतच रोख परकीय चलन मिळतं. टीसीएसची, म्हणजे पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या कराची, धास्ती साध्या सहलीत नको, वर्षाला दहा लाखांपर्यंत तो चलनावर लागत नाही. टूर पॅकेजचं वेगळं, तिथे पहिल्या रुपयापासून कापतात.

नोटा काउंटरवरच तपासून घ्याव्यात. शंभराच्याच मागा. बँकॉकच्या दरफलकावर 100, 50 आणि त्याखालच्या नोटांच्या वेगवेगळ्या ओळी असतात आणि खाली जाल तसा भाव घसरतो. 2013 पासून आलेल्या, निळी पट्टी असलेल्या नोटा घ्या. पेनाने काही लिहिलेली, शिक्का मारलेली किंवा घडीवर फाटलेली नोट तिथे परत येते किंवा कमी भावात जाते. आपल्याकडचा मनी चेंजर "चालते हो साहेब" म्हणतो, पण ती त्याला चालते, बँकॉकवाल्याला नाही.

सुवर्णभूमी विमानतळावर उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याजवळचे बँकांचे काउंटर ओलांडून पुढे जायचं. लिफ्टने सर्वांत खाली, तळघरात एअरपोर्ट रेल लिंकच्या स्थानकापाशी सुपररिच, व्हॅल्यू प्लस वगैरे पैसे बदलून देणारी दुकानं ओळीने आहेत. तिथला भाव शहरातल्या भावाच्या जवळ जातो, वरच्या मजल्यावरचा बराच कमी असतो. अवेळी उतरलात तर त्यातली काही बंद असू शकतात. तेव्हा वर फक्त टॅक्सीपुरते बदलावेत आणि बाकीचे राचादामरी रोडच्या सुपररिचमध्ये. फलकावर आपल्याला 'बाइंग'चा रकाना बघायचा असतो, कारण डॉलर ते विकत घेत असतात. पासपोर्ट सोबत लागतोच. भारतीय रुपयेही तिथे घेतात, पण भाव वाईट.

आता कार्ड. हॉटेल, मॉल, मोठी रेस्टॉरंट यांच्यासाठी रोख कशाला बाळगायची? साध्या क्रेडिट कार्डावर 3.5 टक्के मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते तो जादा आकार) आणि त्यावर 18 टक्के जीएसटी असेल तर 4.13 टक्के, म्हणजे बाथ 2.93 ला. मार्कअप 2 टक्के असेल तर 2.88. मार्कअप नसलेलं कार्ड असेल तर जवळपास बाजारभावच मिळतो आणि रोख डॉलरही त्यापुढे महाग ठरतात. फॉरेक्स कार्डात लोड करतानाच्या दरात बँकेचा वाटा आधीच असतो. शिवाय त्यात डॉलर भरले आणि स्वाइप बाथमध्ये झालं, तर अनेक कार्डांवर क्रॉस करन्सी मार्कअप, म्हणजे डॉलरचे बाथ करण्याचा आकार, पुन्हा लागतो. थायलंडसाठी डॉलरचं फॉरेक्स कार्ड घेणं हे असं दुहेरी महागात जातं.

निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर चालू करायचा. ऑक्टोबर 2020 पासून नवीन कार्डावर तो मुळात बंदच असतो. पॉस (दुकानातलं स्वाइप मशीन), एटीएम आणि ऑनलाइन यांची बटणं वेगळी असतात, मर्यादाही वेगळ्या.

कार्ड वापरताना सगळ्यात जास्त पैसे जातात ते मशीनवरच्या एका प्रश्नात: टीएचबी (बाथ) की आयएनआर (रुपये)? रुपयांत बिल दिसलं की बरं वाटतं, पण तो दर मशीनमागची कंपनी ठरवते आणि त्यात तिचा भरपूर नफा असतो. वर आपली बँक परदेशी दुकानाचा व्यवहार म्हणून वेगळा आकार लावू शकते. नेहमी टीएचबी. वेटरने न विचारता आयएनआर दाबलं असेल तर सही न करता व्यवहार रद्द करून पुन्हा स्वाइप करायला सांगावं. एटीएमवर हाच प्रश्न 'कन्व्हर्जन स्वीकारा' किंवा 'नाकारा' असा येतो. नाकारलं तरी पैसे येतातच, फक्त दर आपल्या कार्डाचा लागतो. हे ठाऊक नसल्याने घाबरून 'स्वीकारा' दाबलं जातं.

थाई एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी 220 बाथ किंवा त्याहून जास्त घेतं. मार्कअप नसलेल्या डेबिट कार्डाने 20,000 बाथ काढले तर हा खर्च 1.1 टक्के, 3,000 काढले तर सात टक्क्यांहून जास्त. काढायचेच तर एकदाच, मोठी रक्कम. क्रेडिट कार्डाने रोख काढू नये, शुल्काबरोबर त्याच दिवसापासून व्याज चालू होतं.

हॉटेलात अनामतीसाठी डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड दिलं तर ती रक्कम अडकते आणि सुटायला कधी कधी आठवडे लागतात. तिथे क्रेडिट कार्ड, नाहीतर रोख.

परतताना उरलेल्या बाथच्या नोटांनी हॉटेलचं बिल थोडं कमी करून घ्यायचं आणि बाकी कार्डावर. डॉलर उरले तर 2,000 पर्यंत पुढच्या प्रवासासाठी घरी ठेवता येतात, त्यावरचे 180 दिवसांत परत विकावे लागतात. बाथची नाणी मात्र कुणी बदलून देत नाही, ती विमानतळावर पाण्याच्या बाटलीत संपवायची.