बारा ओळींचा परिचय

रविवार, 12 जानेवारी 2025, उमरगा

येत्या शुक्रवारी गावातील व्यापारी मंडळींच्या वार्षिक समारंभात ह्यांचा सत्कार आहे. सत्कारमूर्तींचा परिचय बारा ओळींत लिहून द्यावा, असा निरोप घेऊन एक तरुण कार्यकर्ता काल घरी येऊन गेला. "मॅडम, तुम्हीच लिहा, तुमचे अक्षर चांगले आहे," असे म्हणत त्याने गेल्या वर्षीच्या परिचयाची एक प्रत नमुन्यादाखल ठेवली. तिची पहिलीच ओळ 'शून्यातून विश्व निर्माण करणारे' अशी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत इतकी वर्षे निबंधाच्या वह्या तपासल्यावर असे शब्द दिसले की माझा हात लाल पेनाकडे जातो. ह्यांच्या त्या शून्यात काय काय होते ते मला ठाऊक आहे: सासूबाईंनी बाजारात नेऊन विकलेली दुभती म्हैस, थोरल्या भाऊजींनी कोरडवाहू तीन एकरांच्या वाटणीचा विषय पंधरा वर्षे न काढणे, आणि माझ्या पगारावर शिक्षकांच्या पतसंस्थेतून उचललेले कर्ज. बारा ओळींत यांपैकी काहीच बसले नाही, म्हणून येथे लिहिते आहे.

हे 1987 साली दहावीत गणितात नापास झाले आणि त्याच उन्हाळ्यात उमरग्याला येऊन बिगारी म्हणून कामाला लागले. रोज बारा रुपये, काम घमेली वाहण्याचे. गणितात नापास झालेला हाच माणूस हजार चौरस फुटांच्या पाच इंची स्लॅबला सव्वाचार ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) आत काँक्रीट लागेल, हे उभ्या उभ्या सांगतो, आणि मी कागदावर करून पाहिले की तेवढेच येते. ज्या म्हाताऱ्या गवंड्याच्या हाताखाली ते होते, त्याने वर्षभर थापीला हात लावू दिला नाही. फक्त भिंत सरळ उभी आहे का ते पाहण्याचा ओळंबा धरायला दिला. ओळंब्याची दोरी हलायची थांबेपर्यंत आपणही हलायचे नाही आणि घाई करून 'झाले' म्हणायचे नाही, एवढेच ते वर्षभर शिकले. घरात कोणी घाईघाईने निर्णय घेऊ लागले की हे अजूनही "दोरी थांबू दे" म्हणतात, आणि धाकटा त्यावरून त्यांची नक्कल करतो.

मग 1993 आले. अनंत चतुर्दशीची रात्र संपत असताना, 30 सप्टेंबरच्या पहाटे चार वाजायला काही मिनिटे असताना किल्लारीचा भूकंप झाला. गवंडीकाम करणाऱ्यांकडे सबल, फावडी आणि टोपल्या होत्या, म्हणून दिवस उगवल्यावर त्यांनाच आधी ट्रकमध्ये चढवले गेले. भूकंपात कोसळलेल्या सास्तूर गावात हे सहा दिवस होते. त्या सहा दिवसांविषयी लग्नाला एकोणतीस वर्षे होऊनही मला तीन-चार वाक्यांपलीकडे काही कळलेले नाही. भिंतींविषयी मात्र ते तासभर बोलू शकतात. आपल्याकडच्या जुन्या घरांची भिंत दोन-अडीच फूट रुंद असे, त्यामुळे ती भक्कम वाटे. प्रत्यक्षात ती बाहेरच्या दगडांची एक आणि आतल्या दगडांची एक अशा दोन भिंती, मध्ये चिपा आणि माती, आणि दोन्हींना बांधणारे काहीच नाही. वर माळवद, म्हणजे लाकडांवर मातीचे सपाट छत, त्यावर दर उन्हाळ्यात गळू नये म्हणून चढवलेला मातीचा आणखी एक थर. हादरा बसताच दोन्ही भिंती एकमेकींपासून फुगून सुटल्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांची माती झोपलेल्या माणसांवर आली. "घर थंड राहावे म्हणून केलेली सोयच अंगावर पडली," हे त्यांचे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे.

पुढे 52 गावे नव्या जागी वसवण्यात आली, आणि जी गावे हलवायची नव्हती तेथील जुन्या घरांचे मजबुतीकरण सुरू झाले. त्या कामासाठी सरकारी अभियंते गवंड्यांना प्रशिक्षण देत. ह्यांची खरी शाळा तीच झाली, असे मी मानते. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड घालून आतली व बाहेरची बाजू कशी जोडायची, माळवदावरची माती किती उतरवायची, दारे-खिडक्यांच्या वरून घराभोवती काँक्रीटचा सलग पट्टा कसा फिरवायचा, हे सारे त्यांनी शंभर पानी वहीत चित्रांसह उतरवून ठेवले आहे. शुद्धलेखन भयंकर आहे, पण चित्रे नेमकी आहेत.

त्या वहीत एका पानावर फक्त एक रिंग काढलेली आहे. कॉलमच्या उभ्या गजांना सहा-सहा इंचांवर जी चौकोनी रिंग बांधतात, तिची दोन टोके काटकोनात वळवून सोडली तर ती बाहेरच्या काँक्रीटच्या पातळ थरातच राहतात आणि हादऱ्यात तो थर सुटला की रिंग उघडते; म्हणून टोके आणखी वळवून कॉलमच्या पोटात खुपसायची. त्याला प्रत्येक रिंगेमागे चार बोटे गज जास्त लागतो आणि वाकवणाऱ्याचा वेळ जास्त जातो. ह्यांच्या साइटवर नवा फिटर आला की पहिल्या दिवशी हे खाली बसून, पोलादी पान्याने स्वतः एक रिंग वाकवून त्याच्या हातात देतात. थोरली अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात असताना सुटीत पुस्तक घेऊन आली आणि भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस 13920 ह्या मानकात रिंगेच्या टोकाचा हुक 135 अंशांचा असावा असे लिहिल्याचे तिने मोठ्या उत्साहाने बाबांना सांगितले. हे मानक 1993 सालीच पहिल्यांदा निघाले, हेही तिनेच सांगितले. ह्यांनी वही आणून समोर ठेवली. अंशांचा आकडा त्यात नव्हता; 'टोक पोटात' एवढेच लिहिले होते.

आमचे लग्न 1995 चे, माझी नोकरी 1996 ची. ठेकेदार म्हणून उभे राहायचे तर सेंटरिंगचे, म्हणजे ओला स्लॅब खालून धरून ठेवण्याचे, सामान स्वतःचे हवे, नाहीतर लोखंडी प्लेटा आणि बल्ल्यांच्या भाड्यातच नफा जातो, हे त्यांनी मला लग्नानंतर वर्षभरात इतक्या वेळा सांगितले की शेवटी कर्जाच्या अर्जावर मीच सही केली. आज त्यांना 'स्वतःच्या बळावर' म्हणतात तेव्हा मला त्या सहीची आठवण होते. मनात खट्टू होते असे नाही, पण आठवण होते.

खरे तर मला लिहायचे होते ते 2004 च्या मे महिन्याविषयी. एका निवृत्त कारकुनाच्या घराचा स्लॅब होता. सकाळी नारळ फुटला, मिक्सर सुरू झाला, कलबुर्गीकडची बायामाणसे ओळीने घमेली वर देऊ लागली आणि मालकांच्या घरी मजुरांच्या जेवणासाठी मटण शिजायला लागले. अकराच्या सुमारास गावाहून मामंजी गेल्याचा फोन आला. अर्धा स्लॅब पडला होता. स्लॅब मध्येच थांबवला तर जुन्या आणि नव्या काँक्रीटमध्ये सांधा राहतो, तेथे पुढे ओल उतरते आणि छत कमजोर होते, हे मलाही तोवर पाठ झाले होते. मालक स्वतः हात जोडून म्हणाले की तुम्ही निघा, मुकादम आहे. हे निघाले नाहीत. शेवटचे घमेले चारच्या सुमारास पडले, मग त्यांनी पाटावरून पाणी घेऊन हातपाय धुतले आणि आम्ही स्कूटरवरून गावाकडे गेलो. अंत्यविधी दिवेलागणीनंतर झाला. सारे गाव थांबले होते. वन्सं रडत रडत मला म्हणाल्या, "वहिनी, त्याला बापापेक्षा स्लॅब मोठा झाला." त्या हे त्यांना म्हणाल्या नाहीत, मला म्हणाल्या, आणि आजतागायत दिवाळीला घरी आल्या की आमच्या नव्या जिन्याकडे पाहून त्या एखादे वाक्य बोलतातच.

त्या दिवशी मी ह्यांची बाजू घेतली होती. आज घेईन की नाही, सांगता येत नाही. मुकादम खरोखरच जाणता होता. पण ते पाच तास हे स्लॅबच्या कडेला उभे होते तेव्हा काँक्रीट बसवणाऱ्या व्हायब्रेटरचा आवाज थांबू नये असेच त्यांना वाटत असणार, असा मला नेहमी संशय येतो, कारण तो थांबला असता तर रडावे लागले असते. त्या घराचे छत अजून एकदाही गळलेले नाही.

गळण्याचा विषय निघाला आहे तर त्यांची पहिली इमारतही सांगितली पाहिजे, जी सत्काराच्या परिचयात 'पहिला यशस्वी प्रकल्प' म्हणून जाणार आहे. आठ फ्लॅटांची ती इमारत 2006 साली झाली आणि पहिल्याच पावसाळ्यात वरच्या दोन्ही फ्लॅटांत गच्ची गळू लागली. ह्यांनी आधी वॉटरप्रूफिंगच्या मिस्त्रीला दोष दिला, मग सिमेंटला, मग रहिवाशांनी गच्चीवर ठोकलेल्या वाळवणाच्या खुंट्यांना. उतार चुकला होता आणि तो त्यांनीच धरला होता, हे कबूल करायला दोन वर्षे गेली. त्यानंतर मात्र स्वतःच्या पैशाने कोबा फोडून पुन्हा केला, आणि अजूनही दर जूनला पहिला मोठा पाऊस झाला की ते छत्री घेऊन त्या गच्चीवर जातात. वरच्या मजल्यावरच्या आजी त्यांच्यासाठी चहा ठेवतात. भांडणातून सुरू झालेली ही ये-जा आता घरोब्याची झाली आहे.

दहा वर्षांनंतरचे 2016 हे साल आमच्या घराने कसे काढले ते वेगळे लिहावे लागेल. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागत होते, आणि आमच्या बारा फ्लॅटांच्या इमारतीचा दुसरा स्लॅब ओतण्यासाठी तयार होऊन उभा होता. ओतल्यावर स्लॅबवर वाफे करून किमान आठ-दहा दिवस पाणी भरून ठेवावे लागते. शेजारच्या गल्लीत बायका टँकरसमोर घागरी लावून बसलेल्या असताना ते कसे करायचे? ह्यांनी जुलैपर्यंत काम बंद ठेवले. बँकेचे व्याज बंद राहत नाही. नोव्हेंबरमध्ये नोटबंदी झाली आणि दोघा ग्राहकांनी बुकिंग मागे घेतले. पुढल्या वर्षी मे महिन्यात घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला, तेव्हा आठपेक्षा अधिक फ्लॅट असल्याने आणि काम चालू असल्याने जुलैअखेर नोंदणी करणे भाग होते. थोरलीने सुटीत बसून सर्व अर्ज भरले. ग्राहकांच्या पैशातील 70 टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची ह्या अटीवर आमच्या गावातले बरेच जण चिडले होते. हे म्हणाले की असे खाते आपल्या घरी पहिल्यापासून आहे, फक्त ते बायकोच्या नावावर असते. कौतुक होते की टोमणा, मी विचारले नाही.

आज दुपारी परिचय लिहून झाला आणि जेवणानंतर मी ह्यांना वाचायला दिला. 'शून्य' मी घेतलेच नव्हते. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचले, 'बांधकाम व्यावसायिक' ह्या शब्दावर थोडे हसले, आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवले. त्या ओळीत 1993 च्या भूकंपात सास्तूर येथे मदतकार्यात सहभाग, असे होते.

"हे काढ," म्हणाले.

मी कारण विचारले नाही, ओळ खोडली. आता अकराच ओळी उरल्या आहेत आणि कार्यकर्ता उद्या सकाळी नऊला कागद न्यायला येणार आहे. बराच वेळ विचार करून बाराव्या ओळीत मी 'पत्नी शिक्षिका असून दोन अपत्ये आहेत' असे लिहिले. फोटोही हवा म्हणाला होता. साइटवर उन्हात डोळे बारीक केलेले नाहीत असा ह्यांचा एकच फोटो घरात आहे, आणि त्यात त्यांनी मुंडावळ्या बांधलेल्या आहेत.